दवण्याला रात्र कळू नये म्हणून

१२ जून

प्रिय वन्सं,

सप्रेम न. वि. वि. तुमची ख्यालीखुशाली नंतर विचारते, आधी तुमच्या दादांचं ऐका. अंगाने ठणठणीत आहेत, दोन्ही वेळा जेवतात, पण रुसलेत. माझ्यावर रुसले असते तर पत्राचा खटाटोप केला नसता, तेवढं मी एकटी निभावते. हे रुसलेत तुमच्या झाडांवर.

तुमच्या औषधाच्या कारखान्यातून तुम्ही बी पाठवलंत ते धुळीसारखं बारीक. पुडी उघडताना मला शिंक आली असती तर सगळं पीक शेजारणीच्या अंगणात उगवलं असतं. ते राखेत कालवून पेरलं, रोपं केली, खाडीकडच्या उतारावर लावली. हिवतापाच्या गोळ्या याच्याच पानांतून निघतात असं तुम्ही लिहिलंत, तेव्हापासून हे त्या रोपांशी जरा अदबीनेच वागायचे. दिसायला आपल्या दवण्यासारखं, वासही तसाच, पण चव अशी की आमच्या बकरीने एक पान तोंडात घेतलं आणि दिवसभर मला पाठ दाखवून बसली. आम्ही त्याला कडू दवणा म्हणतो.

तर हा कडू दवणा माणसापेक्षा उंच होतो म्हणे. इथे तो जेमतेम गुडघ्याला लागला आणि फुलावर आला! पानं बोटांवर मोजावीत इतकी. हे हात मागे बांधून वाफ्यांसमोर उभे राहतात आणि वाढायच्या वयात हे नसते उद्योग कुणी सांगितले, असं त्यांना विचारतात. झाडांना, वन्सं.

हसू येतं, पण काळजीही वाटते. खात्याने दीपगृह बंद करून यांना घरी पाठवलं, त्यानंतर पहिल्यांदाच हे कशासाठी तरी आपणहून अंथरुणातून उठत होते. एरवी खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघायचे, आणि बाहेर काय दिसतं विचारलं की काहीच नाही म्हणायचे. तेव्हा या झाडांचं काय बिघडलंय ते लवकर कळवा. ते स्वतः लिहिणार नाहीत. पत्र लिहिणं हे काम त्यांनी लग्नाच्या दिवशीच माझ्याकडे सोपवलंय.

तुमच्या लोभावर हक्क सांगणारी,
वहिनी

---

२१ जून

प्रिय वहिनी,

सा. न. वि. वि. दादाला वेगळा नमस्कार सांग, रुसलेला असताना तो इतरांबरोबर वाटून घेत नाही.

झाडांचं काही बिघडलेलं नाही, ती फसली आहेत. हे झाड मूळचं थंड मुलखातलं. तिकडे उन्हाळ्याचा दिवस संपता संपत नाही, तोवर ते नुसतं वाढत राहतं. रात्र लांबली की त्याला वाटतं, आला हिवाळा, आता घाई करा, आणि मग ते फुलतं. आपल्याकडे उष्ण हवेत दिवस आणि रात्र बारा महिने जवळपास सारखीच. बिचारं उगवतं तेच मुळी घाबरलेलं. तशा लवकर न फुलणाऱ्या जातीही असतात, पण ते बी आम्हाला वेळेवर मिळालं नाही.

आम्हाला पानांची फार गरज आहे. दरवर्षी बाहेरून येणारा माल या वर्षी आलेला नाही, आणि पाऊस संपला की इथल्या इस्पितळात हिवतापाच्या खाटा व्हरांड्यापर्यंत येतात. मोठे साहेब रोज प्रयोगशाळेत डोकावून माझ्याकडे अशा नजरेने बघतात, जणू काही मीच पानं खाऊन टाकलीत.

तू माझी पत्रं दादाला मोठ्याने वाचून दाखवतेस हे मला ठाऊक आहे. पुढचा मजकूर कृपा करून मनात वाच. उपाय आहे. रोज रात्री त्या झाडांवर मधून मधून थोडा उजेड पडला, अगदी क्षणभर पडून गेला तरी, त्यांची रात्र मोडते आणि ती फुलायचं विसरतात. एखादा साधा कंदील घेऊन फेऱ्या मारता येतील का ते बघ. पण दिवा हा शब्द दादाच्या कानावर जाता कामा नये. तुला माहीत आहे तो.

धाकटी असूनही वडीलकीचा आव आणणारी,
तुझी नणंद

---

९ ऑगस्ट

प्रिय वन्सं,

सप्रेम न. वि. वि., यातला ‘विशेष’ आज खरोखरच विशेष आहे.

मनात वाच, हेही मी मोठ्यानेच वाचलं. वाचण्याच्या ओघात लक्षातच आलं नाही. तुमचे बंधुराज खुर्चीतून उठले, टोपी घातली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी परतले ते मालमोटारीत बसून, आणि त्यांच्या मागे, ताडपत्रीखाली, दीपगृहाचा दिवा. तोच! खात्याच्या गोदामात धूळ खात पडला होता, गोदामवाल्याला जागा हवी होती, त्याने हात जोडून देऊन टाकला म्हणे.

तो आता आपल्या पाण्याच्या टाकीवर बसवलाय. हंड्याएवढा दिवा, त्याभोवती माझ्याहून उंच भिंग, आणि ते भिंग फिरवायला खाली चावीचं यंत्र. यांनी दिवा पुढे झुकवला, म्हणजे झोत उतारावरून फिरत जातो. एक लांब, दोन आखूड, मग काळोख. हीच त्यांच्या दीपगृहाची खूण होती, आणि ती बदलायला ते तयार नाहीत. झाडांना खूण कशाला लागते, विचारलं, तर म्हणाले, नाहीतर त्यांना कळणार कसं कोणता दिवा आहे ते.

उपाय लागू पडलाय, हे आधी सांगते. नव्याने लावलेली रोपं माझ्या कमरेला आली आणि फुलाचं नाव नाही. पण घराचं काय सांगू? झोत स्वयंपाकघरातून जातो, बैठकीतून जातो, न्हाणीघरातूनही जातो. आम्ही हप्त्याहप्त्याने जेवतो. लांब झोतात मी सुईत दोरा ओवते आणि दोन आखूड झोतांत टाका घालते. शेजारच्या शिक्षिकाबाईंचा कोंबडा दर झोताला पहाट झाली समजून आरवायचा. आता त्याचा घसा बसलाय, नुसतीच मान वर करतो. बाईंनी तक्रार केली, तर यांनी त्याच्यासाठी मधाचं पाणी पाठवलं.

हे मात्र दिवस मावळायच्या आत टाकीवर चढतात, काच पुसतात, चावी देतात आणि शीळ घालत खाली येतात. शीळ, वन्सं! मी ती विसरूनच गेले होते. म्हणून गप्प आहे.

हप्त्याहप्त्यानेच का होईना, आठवण काढत राहा.
तुमची उजळलेली वहिनी

---

१७ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मी प्रयोगशाळेत वाचून दाखवलं. मोठे साहेब इतके खूश झाले की त्यांनी मला चहा पाजला आणि कपही स्वतःच उचलला. शास्त्राच्या दृष्टीने दादाने केलंय ते चोख आहे. फिरता झोत या कामाला साध्या दिव्याहून बरा.

घाईत एकच विचारते. झोत उतारावरून खाली जातो, उताराखाली खाडी, खाडीच्या तोंडाशी समुद्र. तो दिवा समुद्रावरून दिसत तर नाही ना?

काळजीवाहू नणंद

---

३ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

सप्रेम न. वि. वि. दिसतो.

गेल्या आठवड्यात एक दिवस तांबडं फुटताना शेताच्या टोकाला आरडाओरडा ऐकू आला. जाऊन बघते तो खाडीच्या गाळात भलंमोठं शिडाचं गलबत रुतून बसलेलं, आणि त्याचा तांडेल खांद्याएवढ्या दवण्यातून वाट काढत येतोय. आल्या आल्या त्याने विचारलं की धक्का कुठाय. मी म्हटलं, इथे धक्का नाही, दवणा आहे. त्याने टाकीकडे बोट दाखवलं. एक लांब, दोन आखूड, म्हणजे बंदर. त्याच्या बापानेही याच दिव्यावर गलबत आणलं होतं आणि दिवा खोटं बोलत नाही, असं त्याचं म्हणणं. मोठ्या जहाजांना दिशा दाखवायला यंत्रं आली, पण असल्या गलबतांवर अजून डोळेच आहेत.

वन्सं, यांनी त्याला समजावून सांगायला हवं होतं की नाही? यांनी टोपी नीट केली, नमस्कार केला आणि बंदरात स्वागत असो म्हणाले. नंतर मी फैलावर घेतलं, तर म्हणतात, इतक्या दिवसांनी कुणीतरी दिवा बघून आलं, त्याला चुकलास म्हणून कसं सांगायचं.

गलबतात सलूनच्या खुर्च्या आहेत. वर-खाली होणाऱ्या, मान टेकायला उशी असलेल्या, तुमच्या शहरातल्या न्हाव्यांनी मागवलेल्या. गाळातलं गलबत हलकं करायला खलाशांनी त्या उतरवून दवण्याच्या वाफ्यांमधून रांगेने मांडल्यात. संध्याकाळी सगळे तिथे रेलून बसतात आणि झोत आला की डोळे मिटतात. आठवडा उलटायच्या आत आणखी दोन गलबतं आली. एकात कौलं आहेत, दुसरं रिकामंच होतं. ते नुसते दिवा पुन्हा लागला म्हणून बघायला आले होते, आणि रुतले.

आजच बंदर खात्याचे साहेब चौकशीला आले. किडकिडीत गृहस्थ, बोलताना उचकी लागते. सगळीकडे फिरले, एका खुर्चीत बसले, वर-खाली होऊन बघितलं. काय लिहून घेतलं कोण जाणे.

दवणा आता खांद्याला आलाय. सोबत पानांची पिशवी पाठवते, तपासून कळवा.

पाहुण्यांच्या गर्दीतूनही तुमचीच,
वहिनी

---

१४ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

सा. न. वि. वि. आज थट्टेला जागा नाही.

पानं तपासली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. औषध जवळजवळ नाहीच. झाड अंगाने वाढलंय, पण अजून अगदी पोरवयातच आहे. पुरेशी पानं येईपर्यंत त्याला फुलू द्यायचं नाही हे खरं, पण त्याच्यात औषध भरतं ते कळ्या धरायच्या बेताला. तेव्हा आता दिवा बंद करा. दोनतीन आठवडे पुरता काळोख मिळाला की कळ्या येतील, त्या उमलायच्या आत कापणी करा, सावलीत वाळवा आणि मिळेल त्या वाहनाने पाठवा.

इकडे खाटा व्हरांड्यात आल्याच आहेत. माझ्या हाताखालची मुलगी कालपासून तापाने फणफणतेय. नव्या गोळ्यांचा साठा तळाला गेलाय, जुनी औषधं देऊन भागवताहेत, आणि ती सगळ्यांना लागू पडत नाहीत. दादाला म्हणावं, माझ्यासाठी दिवा घालव.

तुझी
नणंद

---

२६ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

सप्रेम न. वि. वि. तुमचं पत्र आणि बंदर खात्याचा हुकूम एकाच दिवशी आले. तुम्ही लिहिता दिवा घालवा. खातं लिहितं, दिवा घालवाल तर खबरदार.

झालंय असं की त्या उचकीवाल्या साहेबांनी आपलं शेत बंदर म्हणून नोंदवून टाकलं. गलबतं आहेत, माल उतरलाय, दिवा आहे, आणखी काय हवं? यांना बंदराचे अधिकारी नेमलंय. एकदा लावलेला दिवा वर्षभर आधी सूचना दिल्याशिवाय बंद करता येत नाही. आणि गलबतांना परत जायचं तर बंदर अधिकाऱ्याचा शिक्का लागतो, तो शिक्का अजून तयार व्हायचाय. म्हणजे गलबतं मोठ्या उधाणाला तरंगली तरी हे त्यांना सोडू शकत नाहीत. तांडेल रोज सकाळी येऊन यांच्याकडे रीतसर परवानगी मागतो, हे रीतसर नाकारतात आणि मग दोघं मिळून चहा पितात.

हुकूम आपला कागदावर असतो. मी यांना म्हटलं, सरळ वर चढा आणि फुंकर मारा, तुमची बहीण मागतेय. हे काल तिन्हीसांजेला टाकीवर चढले. मी खाली उभी होते. बराच वेळ काही झालं नाही. मग तसेच उतरले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले की बाहेर एक शीड दिसतंय, ते येतंय की जातंय कळत नाही.

रात्री जेवले नाहीत. मी भांडायच्या तयारीत होते, पण यांचा चेहरा बघून नुसतं पाणी आणून दिलं. तुमच्याकडे ताप आणि आमच्याकडे ते शीड, मधे हा माणूस. वन्सं, त्यांच्यावर रागावा, पण थोडं माझ्याकडेही राखून ठेवा, कारण मलाही ती फुंकर मारता आली नाही. शिडी मोकळी होती.

तुमच्या हाताखालच्या मुलीला उतार पडला का?

तुमची वहिनी

---

१९ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

सप्रेम न. वि. वि. कळ्या आल्या!

कशा, ते ऐका. मागे धुतलेल्या जाड सतरंज्या मी दवण्याच्या वाफ्यात दोरीवर वाळत घातल्या होत्या. या सगळ्या गोंधळात एक तिथेच राहिली. एका सकाळी काढते तर तिच्या आडोशाची झाडं मोहरीएवढ्या कळ्यांनी भरलेली, आणि बाजूची सगळी तशीच ढिम्म! म्हणजे झाडाला रात्र हवी होती, दिवा जायला नको होता. मी धावत जाऊन तांडेलाला हलवून जागं केलं आणि म्हटलं, मला तुमची शिडं द्या.

तेव्हापासून रोज सूर्य कलला की खलाशी शेतात बांबू रोवून शिडं चढवतात, कडा खाली सोडतात आणि दोऱ्या खुर्च्यांना बांधतात. खाली दवण्याला काळोख, वर दिवा आपला एक लांब, दोन आखूड. शिडं तोकडी पडली तिथे शिक्षिकाबाईंनी शाळेच्या नाटकाचा पडदा दिला. त्यावर राजवाडा रंगवलाय. सकाळी सगळं उतरवायचं. हे शिट्टी वाजवून हुकूम सोडतात, आणि मी, जिला गलबतात पाय ठेवला की ओकारी येते, ती शिडं ताणा म्हणून ओरडते.

एका संध्याकाळी उचकीवाले साहेब तपासणीला आले. लांबून त्यांना उतारावर शिडंच शिडं दिसली. जवळ यायची तसदी न घेता त्यांनी वाटेवरूनच लिहून घेतलं की बंदर गलबतांनी गच्च भरलंय, अधिकाऱ्याला बढती द्यावी. आम्ही दोऱ्या ताणत राहिलो.

आता कापणी सुरू करतोय. तुमचं पत्र बरेच दिवसांत नाही. कामात असाल.

वाट बघणारी,
वहिनी

---

२७ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

सा. न. वि. वि. अक्षर वाकडं आलंय ते आडवं पडून लिहितेय म्हणून. मलाही गाठलं. थंडी वाजून येते तेव्हा खाट अशी हलते की शेजारची बाई मला भूकंपात आलेली पाहुणी म्हणते. हाताखालची मुलगी बरी होऊन कामावर गेली, आता तीच माझं रक्त तपासते.

मला जुनं औषध चालू आहे. उतरतो, पुन्हा चढतो. काळजी करू नकोस. दादाला सांगू नकोस. हे तरी मनात वाच.

तुझी
नणंद

---

५ डिसेंबर

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार. हे पत्र टपालाने येणार नाही, तुमचे दादा हातात घेऊन येताहेत.

मी मनातच वाचलं. यांनी माझा चेहरा मोठ्याने वाचला.

शिक्का अजून आलेला नाही. यांनी तांडेलाला बोलावलं आणि शिक्क्याशिवाय निघायला सांगितलं. तांडेलाचा विश्वास बसेना, त्याने पुन्हा रीतसर परवानगी मागितली. हे म्हणाले, परवानगी नाहीच, पण संध्याकाळच्या भरतीला निघायचं आणि मी तुझ्याबरोबर येणार. सगळ्या नोकरीत या माणसाने एक सही इकडची तिकडे केली नाही, वन्सं. वाळलेल्या पानांची पोती गलबतात भरली, वर खुर्च्या रचल्या.

मग दिव्याचं काय? दुपारभर मला टाकीवर बसवून शिकवलं. वात किती वर, तेल कुठवर, चावी किती. मी जरा चुकले की डोळे मिटून घ्यायचे. शेवटी मी म्हटलं, तुमच्या दिव्याच्या उजेडात इतके दिवस जेवण रांधलंय, तुम्ही निघा. काच पुसून फडकं माझ्या हातात दिलं आणि खाली उतरले.

पानं चांगली निघोत. तुम्ही त्याहून चांगल्या व्हा. मला आता वर जायचंय, ऊन उतरलं.

तुमची,
सध्या बंदर सांभाळणारी, वहिनी

---

१६ डिसेंबर

प्रिय वहिनी,

सा. न. वि. वि., आणि या खेपेस नमस्कार बसून केलाय.

ताप गेला. जुन्याच औषधाने गेला, तुझी पानं पोचली तेव्हा मी पेज मागायला लागले होते. पण पानं! हाताखालच्या मुलीने तपासली आणि आकडा सांगायला धावत वॉर्डात आली, परिचारिकेने तिला दारातच अडवलं, तर तिथूनच ओरडली. बाहेरच्या मालाच्या तोडीची आहेत. अर्क काढायला सुरुवात झाली आहे. गोळ्या व्हायला अजून काही आठवडे लागतील. व्हरांड्यातल्या काहीजणांना तेवढा धीर धरवणार नाही, हेही मला माहीत आहे. बाकीच्यांना मिळतील. मोठे साहेब पुढच्या हंगामाचं विचारत होते. मी म्हटलं, आमच्या बंदराला विचारून सांगते.

आता दादाचं. वॉर्डात बसायला काही नव्हतं म्हणून त्याने गलबतातली एक खुर्ची उचलून आणली आणि माझ्या उशाशी ठेवली. आल्यावर माझ्या कपाळाला हात लावला आणि पानं बरी आहेत का विचारलं. मग त्याने तुझी तक्रार केली. म्हणाला, पहिला आखूड झोत बरोबर असतो, दुसरा जरा रेंगाळतो, तू चावी पुरी देत नाहीस.

मी विचारलं, तुला गलबतावरून ते कसं कळलं. तेव्हा म्हणाला, सगळा जन्म दिव्याशेजारी गेला, पण समुद्रावरून दिवा कसा दिसतो ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. पाहायचं कसं? दिवा लागला की तो आत असायचा. गलबत खाडीबाहेर पडलं तेव्हा तू अजून लावला नव्हतास. किनारा सगळा एकसारखा काळा झाला, आपलं घर कुठे तेही त्याला ओळखू येईना. आणि मग लागला. त्याला वाटायचं तेवढा मोठा नव्हता, म्हणाला. इतका बारीक होता की आधी खलाशांना दिसला आणि मग त्याला.

तांडेलाने जेवायला हाक मारली, तर हा जागचा हलला नाही. दिवा पाण्याखाली जाईपर्यंत तिथेच उभा होता, आणि दुसरा आखूड झोत दर फेरीला रेंगाळत होता, असं त्याने मला पुन्हा एकदा सांगितलं. मग खिडकीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाला, वहिनीला लिही, तसाच राहू दे.

तुझ्या लोभात भागीदार,
नणंद